लेझरने घराचे लाइन-आउट: बुर्जीपासून स्टार्टरपर्यंत

लाइन-आउट म्हणजे नकाशातल्या कॉलमच्या जागा जमिनीवर नेमक्या उतरवणे. हातात मावणारे साधे लेझर मीटर १० मीटरवर दीड-दोन मिलिमीटरच्या आत माप देते. कापडी किंवा फायबरच्या टेपने एवढी अचूकता कधीच मिळत नव्हती. तरीही लेझर आणलेल्या साइटवर कॉलम सरकलेले सापडतातच. माप कुठून धरले, कशावर रोखले आणि खोदाईनंतर तोच बिंदू कशावरून परत काढला, या तीन ठिकाणी घोळ होतो. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा बुर्जी (कॉलमच्या रेषेची खूण जपणारा छोटा पक्का खांब), कर्ण आणि फेरतपासणी यांवर जास्त भर दिला आहे.

उदाहरणासाठी तळमजला अधिक एक असे बारा कॉलमचे घर घेऊ. कॉलमच्या जागा ठरवणाऱ्या रेषा म्हणजे ग्रिडलाइन. उभ्या ग्रिडलाइन अ, ब, क, ड; अंतरे ०, ३.६००, ७.२०० आणि १०.८०० मीटर. आडव्या ग्रिडलाइन १, २, ३. अंतरे ०, ४.५०० आणि ८.४०० मीटर. लाइन १ रस्त्याच्या बाजूला. बाहेरच्या चार कॉलमांच्या सेंटरचा आयत १०.८०० बाय ८.४०० आणि त्याचा कर्ण १३.६८२ मीटर. हा कर्ण पुढे पुन्हा पुन्हा लागेल, ड्रॉइंगवर लाल पेनने लिहून ठेवा.

कोणता लेझर कशासाठी

साइटवर चार वेगळ्या यंत्रांना सरसकट 'लेझर' म्हणतात. लेझर मीटर फक्त अंतर मोजते. क्रॉस-लाइन लेझर भिंतीवर किंवा जमिनीवर उभी-आडवी रेष टाकतो, अंतर सांगत नाही. रोटरी लेझर फिरता किरण सोडतो. तो लेव्हलसाठी, रिसीव्हरसोबत (किरण पकडणारे छोटे उपकरण). टोटल स्टेशन कोन आणि अंतर दोन्ही मोजून थेट बिंदूवर नेते.

बारा कॉलमच्या घराला लेझर मीटर, हिरवा क्रॉस-लाइन लेझर, दोरी आणि ओळंबा एवढ्यावर काम व्यवस्थित होते. वाकडातिकडा प्लॉट, तिरकी किंवा गोल भिंत, वीसपेक्षा जास्त कॉलम किंवा प्लॉटच्या दोन टोकांत मीटरभर उतार असेल, तर एका दिवसासाठी टोटल स्टेशनवाला बोलावणे स्वस्त पडते.

क्रॉस-लाइन घेताना लाल की हिरवा, याचे उत्तर हिरवा. तेवढ्याच शक्तीचा हिरवा किरण डोळ्याला बराच जास्त उजळ दिसतो. तरी भर दुपारी उघड्यावर दोन्हीही दिसत नाहीत. लाइन टाकायचे काम सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर ठेवा, नाहीतर रिसीव्हर घ्या. सोबत येणारा रंगीत चष्मा रेष ठळक दिसावी म्हणून असतो. तो डोळ्यांचे रक्षण करत नाही. लेझर मीटर बहुधा क्लास २ चे, म्हणजे १ मिलिवॅटच्या आतले असते. चुकून डोळ्यावर आले तर पापणी मिटेपर्यंत इजा होत नाही, पण मुद्दाम किरणात बघू नये. प्रिझमशिवाय (किरण परत पाठवणाऱ्या काचेशिवाय) मोजणारे टोटल स्टेशन बऱ्याचदा क्लास ३आर चे असते, तिथे जास्त जपा.

आधी यंत्र तपासा

लेझर मीटरची तपासणी पाच मिनिटांची आहे. सपाट जमिनीवर एका सरळ रेषेत तीन खुणा करा: प, फ, ब. प ते फ, फ ते ब आणि प ते ब अशी तीन मापे घ्या. पहिल्या दोन मापांची बेरीज तिसऱ्याएवढी यायला हवी. जो फरक येईल तो यंत्राचा कायमचा दोष, म्हणजे प्रत्येक मापात मिसळणारा. २ मिमीपर्यंत ठीक. १०० मिमीच्या आसपास फरक आला तर यंत्र बिघडलेले नाही, त्याचे रेफरन्स टोक चुकीचे निवडलेले आहे. बहुतेक साधी मीटरे १०० ते १२० मिमी लांबीची असतात. माप मागच्या कडेपासून धरायचे की पुढच्या, हे एका बटणावर बदलते आणि खिशात ते बटण दाबले जाते. रोज पहिले माप घेण्याआधी पडद्यावरचा तो छोटा बाण बघायची सवय लावा.

क्रॉस-लाइनसाठी समोरासमोर १० मीटर अंतरावरच्या दोन भिंती घ्या. यंत्र पहिल्या भिंतीजवळ ठेवून तिच्यावर आडव्या रेषेची खूण करा, मग यंत्र फिरवून दुसऱ्या भिंतीवर खूण करा. आता यंत्र दुसऱ्या भिंतीजवळ न्या, उंची बदलून रेष तिथल्या खुणेवर आणा, फिरवून पहिल्या भिंतीवर परत खूण करा. पहिल्या भिंतीवरच्या दोन खुणांत जो फरक दिसेल तो दुप्पट झालेला दोष असतो. मीटरला ०.३ मिमी अचूकतेच्या यंत्राला १० मीटरवर ६ मिमीपर्यंत मुभा. त्यापुढे गेले तर सर्व्हिस सेंटरला द्या.

एकक मीटरमध्येच ठेवा. गवंडी फूट-इंच-सुतात बोलतो म्हणून यंत्र फुटावर नेले की नवा सापळा तयार होतो. ३.६०० मीटरला यंत्र ११.८१ फूट दाखवते आणि कोणीतरी ते 'अकरा फूट आठ इंच' असे वाचतो. खरे माप आहे ११ फूट पावणेदहा इंच. थेट ४४ मिमीची चूक. सुताचा हिशेब मात्र तोंडपाठ असू द्या: एक सूत म्हणजे पाव इंचाचा अर्धा, साधारण ३ मिमी. 'दोन सूत फरक आहे' म्हणजे ६ मिमी.

कागदावरचे काम

आर्किटेक्टचा प्लॅन लाइन-आउटला चालत नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून कॉलम सेंटरलाइनचे ड्रॉइंग घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: ग्रिडलाइन कॉलमच्या मध्यातून जाते की फेसवरून, प्रत्येक कॉलमचा लांबट भाग कोणत्या दिशेला आहे, आणि मापे प्लास्टरसकट आहेत की विटेपर्यंत. २३० बाय ४५० चा कॉलम आडव्याचा उभा झाला तर सेंटर बरोबर असूनही वरचा बीम चुकतो.

मग सगळी मापे चालू मापात लिहून काढा, म्हणजे प्रत्येक अंतर लाइन अ पासून: ३.६००, ७.२००, १०.८००. अ ते ब, ब ते क, क ते ड असे तुकड्यातुकड्यांनी मोजले तर प्रत्येक तुकड्याचे दोन मिमी जमत जातात. एका टोकावरून मोजले तर प्रत्येक बिंदूची चूक त्याच्यापुरतीच राहते.

मार्जिनचा हिशेबही इथेच संपवा. मंजूर नकाशातले मार्जिन इमारतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत मोजले जाते, कॉलमच्या सेंटरपर्यंत नव्हे. समोरचे मार्जिन ३.००० मीटर असेल, बाहेरचे प्लास्टर २५ मिमी आणि बाहेरच्या बाजूने समतल ठेवलेल्या २३० मिमी कॉलमचा अर्धा भाग ११५ मिमी धरला, तर लाइन १ हद्दीपासून ३.१४० मीटरवर येते. सेंटर ३.००० वर धरले तर घर १४० मिमी मार्जिनमध्ये घुसते आणि ते जोते तपासणीच्या वेळी कळते, म्हणजे खूप उशिरा.

हद्द आणि बेसलाइन

हद्द शेजाऱ्याच्या कुंपणावरून धरू नका. भूमी अभिलेखच्या मोजणीची क प्रत आणि जागेवरचे हद्दीचे दगड हेच खरे. प्लॉटच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण लेझर मीटरने मोजून क प्रतीशी ताडून बघा. प्लॉट नकाशात आयत दिसतो, जागेवर तो क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतो. घर गुण्यात ठेवायचे आणि वाकडेपणा मार्जिनमध्ये जिरवायचा. त्यासाठी प्रत्येक बाजूला जिथे प्लॉट सर्वांत अरुंद आहे तिथे मार्जिन पुरते का, हे आधी बघा.

रस्त्याकडच्या हद्दीला समांतर लाइन १ काढा. हद्दीच्या दोन दगडांमध्ये दोरी ताणा, तिच्यापासून दोन्ही टोकांना काटकोनात ३.१४० मोजा. काटकोन डोळ्याने धरू नका; दोरीवर लेझर मीटर थोडे डावी-उजवीकडे सरकवत गेले की जे सर्वांत लहान माप येते तेच लंब अंतर.

बुर्ज्या

खोदाई सुरू झाली की जमिनीवरचे सगळे बिंदू जातात. फक्की (आखणीची पांढरी पूड), खुंट्या, सळया, काही उरत नाही. म्हणून ग्रिडलाइन खोदाईच्या बाहेर वाढवून बुर्जीवर उतरवायची. चार उभ्या आणि तीन आडव्या अशा सात लाइन, प्रत्येकीच्या दोन टोकांना एकेक, एकूण चौदा बुर्ज्या.

बुर्जी किती दूर? १.५०० मीटरच्या चौरस फुटिंगचे (कॉलमखालच्या रुंद पायाचे) सेंटरपासून अर्धे माप ०.७५०, पीसीसी (त्याखालचा सळयांविना कंक्रीटचा थर) १०० मिमी बाहेर, शटरिंगसाठी (कंक्रीटच्या साच्यासाठी) ३०० मिमी, आणि खड्ड्याच्या काठापासून किमान १ मीटर. म्हणजे बाहेरच्या कॉलम सेंटरपासून साधारण २.१५० मीटर. खड्ड्याच्या काठावरची बुर्जी माती ढासळली की हलते. शहरातल्या लहान प्लॉटवर एवढी जागा नसते. तिथे पक्क्या कंपाऊंड भिंतीवर खूण घ्या. पत्र्याचे कुंपण चालत नाही, वाऱ्याने हलते.

बुर्जी २३० ते ३०० मिमी चौरस, वर सिमेंटचा गुळगुळीत थर. थर ओला असताना ७५ मिमीचा खिळा अर्धा रोवून ठेवला आणि नंतर त्यावर ग्रिड आणली, तर खिळा रेषेवर येत नाही. उलट करा: थर सुकू द्या, दुसऱ्या दिवशी लाइन आणा, पेन्सिलने रेष मारा, मग ड्रिलने भोक पाडून स्टीलचा खिळा बसवा किंवा ग्राइंडरने बारीक खाच पाडा.

काळ्या मातीत बुर्जीचा पाया मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम खोल असेल तर निदान ६०० मिमी खाली जा आणि रुंद बेड टाका. काळी माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. जूनच्या पहिल्या पावसानंतर बुर्ज्यांचे सगळे कर्ण पुन्हा मोजल्याशिवाय एकही फुटिंग भरू नका.

सगळ्या बुर्ज्यांचे माथे एकाच लेव्हलला ठेवा. रोटरी लेझर प्लॉटच्या मध्याजवळ लावा, रिसीव्हर पट्टीवर पकडा आणि सर्वांत उंच जमिनीच्या १५० मिमी वर माथा धरा. एका दिशेच्या बुर्ज्यांवर खिळे २५ मिमी उंच ठेवले तर दोन्ही दिशांच्या दोऱ्या एकमेकींना न टेकता ओलांडतात. टेकल्या की दोन्ही वाकतात. माथे समान लेव्हलला असण्याचा आणखी फायदा म्हणजे दोरीवरून घेतलेले माप आपोआप आडवे येते.

आडवे माप हा मुद्दा लेझरवाल्यांच्या हातून सर्वांत जास्त सुटतो. उतारावर जमिनीलगत मोजले तर तिरके अंतर येते. १०.८०० मीटरच्या मापात दोन टोकांच्या उंचीत ३०० मिमी फरक असेल तर चूक ४ मिमी, आणि १ मीटर फरक असेल तर ४६ मिमी. हिशेब सोपा आहे: उंचीच्या फरकाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. झुकाव मोजणारा सेन्सर असलेल्या मीटरमध्ये आडवे अंतर वेगळे दिसते, तेच वाचा.

गुण्या काढणे

प्रथम लाइन १ वर अ-१ आणि ड-१ पक्के करा, अंतर १०.८००. मग अ-१ वरून काटकोन. ३-४-५ हा त्रिकोण सगळ्यांना ठाऊक असतो, पण ३ फूट, ४ फूट धरून काढलेला गुण्या ८ मीटरवर जाईपर्यंत फाकतो. ६-८-१० मीटर घ्या. अ-१ पासून लाइन १ वर ६.००० वर खूण, लाइन अ च्या दिशेने अंदाजे ८.००० वर खूण, आणि दोन्हींमधले अंतर १०.००० येईपर्यंत दुसरी खूण सरकवा, सरकवताना ८.००० कायम राहिले पाहिजे.

क्रॉस-लाइन लेझरमध्ये ९० अंशाच्या दोन उभ्या रेषा असतील तर पहिला अंदाज पटकन निघतो. यंत्राचा खालचा ठिपका अ-१ वर, एक रेष ड-१ वर. दुसरी रेष लाइन अ. यावर विसंबू नका, कर्ण मोजाच.

चारही कोपरे लागले की दोन्ही कर्ण आणि चारही बाजू मोजा. दोन्ही. नुसते कर्ण समान आले म्हणून आयत सिद्ध होत नाही. समोरासमोरच्या बाजू १०.८०० आणि १०.७८० असतील तरी समलंब आकाराचे दोन्ही कर्ण तंतोतंत सारखे येऊ शकतात.

बाजू बरोबर आहेत पण कर्णात फरक आहे, तर लाइन ३ चे दोन्ही बिंदू तिच्याच रेषेत सरकवायचे. किती, तर कर्णांतला फरक गुणिले कर्ण, भागिले सरकवायच्या बाजूच्या लांबीची दुप्पट. आपल्या घरात अ-१ ते ड-३ हा कर्ण १३.६८७ आला आणि ड-१ ते अ-३ हा १३.६७७, म्हणजे फरक १० मिमी. १० गुणिले १३.६८२ भागिले २१.६, उत्तर ६.३ मिमी. अ-३ आणि ड-३ दोन्ही लाइन अ च्या बाजूला ६ मिमी सरकवा. संपले. अंदाजाने ठोकून ठोकून खुंट्या सरकवण्यात अर्धा दिवस घालवायची गरज नाही.

बुर्जीवरच्या ग्रिडला ३ मिमीची मर्यादा धरा, कर्णाला ५. यापेक्षा सैल धरले तर पुढच्या चुकांना जागा उरत नाही. आयएस ४५६ (कंक्रीट कामाचे भारतीय मानक) मध्ये फुटिंगच्या सरकण्याला रुंदीच्या ०.०२ पट, जास्तीत जास्त ५० मिमी मुभा आहे; १.५ मीटरच्या फुटिंगला ती ३० मिमी होते. आणि कॉलमच्या डिझाइनमध्ये किमान २० मिमी विकेंद्रता (भार मध्यापासून सरकणे) धरलेली असते. हे आकडे डिझाइनचे राखीव आहेत, लाइन-आउटवाल्याचे नव्हेत. शटरिंग ओळंब्यात नसणे, सळया सरकणे, सगळे त्यातूनच भागवायचे असते.

मधले बिंदू

बुर्ज्या पक्क्या झाल्या की ब, क आणि २ या लाइन बाहेरच्या दोऱ्यांवरून लावा. लेझर मीटरला समोर काहीतरी लागते, आणि दोरीवर किरण पकडता येत नाही. १५० मिमी चौरस प्लायचा तुकडा पांढरा रंगवून खुंटीला काटकोनात ठोका, तोच टार्गेट. काळी, ओली किंवा चकचकीत वस्तू टार्गेट म्हणून घेऊ नका, आणि किरणाचा ठिपका प्लायच्या कडेवर अर्धा आत अर्धा बाहेर पडू देऊ नका. अशा वेळी यंत्र मागच्या वस्तूचेही परावर्तन मिसळून मधलाच आकडा दाखवते, आणि तो आकडा खराच वाटतो. उन्हात लाल ठिपका दहा मीटरपलीकडे दिसत नाही. कॅमेरा असलेले मीटर असेल तर पडद्यावर पाहून रोखा, नाहीतर टार्गेटवर हाताची सावली धरा.

यंत्र हातात धरून माप घेऊ नका. लहान स्टँड, किंवा बुर्जीवर ठेवलेली वीट चालेल. हातात धरले की मागची कडा खुणेवर नेमकी टेकत नाही.

टेपपेक्षा लेझर उन्हाळ्यात नक्कीच बरा. स्टीलचा टेप २० अंश तापमानाला बरोबर असतो. तो ४० अंशाला गेला की ३० मीटरमागे ७ मिमी लांबतो. लेझरला तेवढ्याच बदलाने अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो.

आता प्रत्येक सेंटरभोवती खोदाईचा चौकोन फक्कीने मारा. १.५०० च्या फुटिंगला पीसीसी १.७००, शटरिंग लावणार असाल तर खड्डा २.३००. जेसीबीवाल्याला फक्कीची आतली कडा पाळायची की बाहेरची, हे आधीच सांगा.

टोटल स्टेशन लावत असाल तर

अ-१ ला पूर्व १००.०००, उत्तर १००.००० असे निर्देशांक द्या, म्हणजे बुर्ज्यांनाही ऋण आकडे येत नाहीत. ड-१ होतो ११०.८००, १००.०००, ड-३ होतो ११०.८००, १०८.४००. सगळी यादी घरीच फाइलमध्ये भरून आणा. उन्हात उभे राहून बटणांनी आकडे टाकताना ७.२००चे २.७०० होते.

यंत्र पक्क्या बुर्जीवर लावा. ट्रायपॉडचे पाय मातीत पायाने दाबून रोवा, लेझर प्लमेटचा (यंत्रातून सरळ खाली पडणाऱ्या किरणाचा) ठिपका खिळ्याच्या टोकावर आणा, लेव्हल करा, ठिपका पुन्हा बघा. मग बॅकसाइट, म्हणजे माहीत असलेल्या दुसऱ्या बिंदूवर रोखून यंत्राला दिशा देणे. बॅकसाइट दूरची घ्या, निदान सर्वांत लांबच्या कॉलमएवढी. ४ मीटरवरच्या बॅकसाइटला खिळा २ मिमीने चुकीचा धरला तर १४ मीटरवरचा बिंदू ७ मिमी फिरतो. बॅकसाइट झाल्यावर तिसऱ्या माहीत असलेल्या बिंदूवर माप घ्या. ३ मिमीच्या वर फरक आला तर पुढे जाऊ नका.

स्टेकआउटमध्ये (यादीतला बिंदू जमिनीवर उतरवण्याच्या मोडमध्ये) बिंदू निवडला की यंत्र किती फिरायचे ते सांगते. आकडा शून्य होईपर्यंत फिरवा, आडवा क्लॅम्प लावा, प्रिझमवाल्याला रेषेत घ्या, माप घ्या, 'पुढे ०.२३०' किंवा 'मागे ०.०४५' असे सांगा. शेवटचे १०० मिमी टेपने मोजून खूण करा, मग त्या खुणेवर परत एकदा माप.

प्रिझम पोलवर उंच ठेवू नका. १.५ मीटरचा पोल एक अंश कलला तर टोक २६ मिमी सरकते. मिनी प्रिझम जमिनीपासून १०० मिमीवर धरला तर तेवढ्याच कलण्याने २ मिमीसुद्धा सरकत नाही. आणि प्रिझम कॉन्स्टंट (प्रिझमनुसार मापात करायची ठरावीक दुरुस्ती) तपासा. प्रिझम भाड्याचा, यंत्र दुसऱ्याचे, असे असले की प्रत्येक मापात ३० मिमीच्या आसपास कायमची चूक येते. तिची खूण अशी की दिशा बरोबर, पण सगळे बिंदू यंत्राच्या एकसारखे जवळ किंवा दूर. स्टीलच्या टेपने ५.००० मीटरवर दोन खुणा करून त्यावर ताडून बघा.

पूर्व आणि उत्तर हे दोन रकाने अदलाबदल होऊन भरले गेले तर घर आरशातल्यासारखे उलटे उतरते. बाजू जुळतात, कर्ण जुळतात, सगळी तपासणी पास होते आणि जिना दुसऱ्या अंगाला जातो. यासाठी एकच उपाय: ड्रॉइंग हातात घेऊन रस्त्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि जिन्याच्या कॉलमवर बोट दाखवून खात्री करायची.

दर दहा-बारा बिंदूंनंतर आणि काम संपताना बॅकसाइट परत बघा. मातीत रोवलेला ट्रायपॉड दुपारपर्यंत खचतो किंवा कोणीतरी पाय लावून गेलेले असते.

खड्ड्यातून वर

पीसीसी झाल्यावर ग्रिड पुन्हा खाली उतरवायची. दोन बुर्ज्यांत दोरी, दुसऱ्या दिशेच्या दोरीशी छेद, तिथून ओळंबा, ही पद्धत आजही चोख आहे, फक्त वारा नसावा. क्रॉस-लाइन लेझरने काम वेगाने होते: यंत्र ट्रायपॉडवर बुर्जीच्या मागे ठेवा, उभी रेष जवळच्या आणि लांबच्या दोन्ही बुर्ज्यांच्या खुणांवर आणा. तीच रेष खड्ड्याच्या तळावर पडते. पीसीसीवर तिच्या दोन टोकांना पेन्सिल, मग निळीच्या दोरीने सूत (सरळ रेष) मारा. लाइन १, २, ३ झाल्यावर यंत्र हलवून अ ते ड. खड्ड्यात सकाळी सावली असते, रेष छान दिसते.

छेदाभोवती फुटिंगची आणि कॉलमची बाह्यरेखा काढा, कोपऱ्यांना लाल रंगाचे ठिपके द्या. फुटिंगची जाळी ठेवली की खालच्या खुणा झाकल्या जातात, म्हणून सूत फुटिंगच्या बाहेर पीसीसीच्या कडेपर्यंत वाढवलेले हवे. कॉलमच्या सळया बांधल्या की वरून पुन्हा दोरी लावून त्या मध्यावर आहेत का बघा. कंक्रीट ओतताना व्हायब्रेटरने सळया सरकतात, म्हणून ओतून झाल्यावर ओले असतानाच आणखी एकदा.

स्टार्टरच्या (फुटिंगवरच्या कॉलमच्या पहिल्या छोट्या भागाच्या) वेळी बुर्जीवरून ग्रिड फुटिंगच्या माथ्यावर काढा. फुटिंग थोडे सरकले असले तरी स्टार्टर ग्रिडवरच बसला पाहिजे, फुटिंगच्या मध्यावर नव्हे. स्टार्टर ५ मिमीपेक्षा जास्त सरकला असेल तर त्याच दिवशी तोडा, तासाभराचे काम आहे. सळया बाहेर पडत असतील आणि वाकवाव्या लागणार असतील तर इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. वाकवले तरी ६ ला १ पेक्षा जास्त तिरके नाही.

प्लिंथ (जोत्याच्या) बीमच्या लेव्हलला ग्रिड कायमची उतरवून घ्या, कारण भराव टाकताना बुर्ज्या जातातच. ग्रिडलाइनवर भिंत येते आणि खूण झाकली जाते. म्हणून प्रत्येक दिशेची किमान दोन टोकांकडची लाइन १.००० मीटर आत सरकवून प्लिंथच्या कंक्रीटमध्ये स्टीलचे खिळे ठोका आणि बाजूला रंगाने 'अ + १०००', '१ + १०००' असे लिहा. प्लिंथवरचा हा आतला आयत ८.८०० बाय ६.४०० होतो, कर्ण १०.८८१. जोते तपासणीला महापालिकेचा माणूस येण्याआधी हद्दीपासूनची चारही मार्जिने बाहेरच्या फेसपासून लेझर मीटरने मोजून नकाशाशी लावून घ्या.

पहिल्या मजल्याच्या स्लॅबमध्ये या चार सरकवलेल्या कोपऱ्यांच्या बरोबर वर १५० मिमी चौरस भोके सोडा, आणि कुठे सोडायची हे स्लॅबची सळई बांधण्याआधी सेंट्रिंगवाल्याला दाखवा. खाली खिळ्यावर वर किरण सोडणारा लेझर, वर भोकावर ठेवलेले पारदर्शक ॲक्रिलिक. ठिपका पडेल तिथे खूण. यंत्र एकाच जागी ९०-९० अंशांत फिरवून चार खुणा करा, त्यांचा मध्य घ्या. वरचे कर्ण १०.८८१ शी जुळले की त्यावरून वरच्या मजल्याचे स्टार्टर लावा, आणि त्या मजल्याचे काम संपल्यावर भोके नॉन-श्रिंक ग्राउटने भरा.